सूज आणि बाळसं

"आलेली सूज म्हणजे बाळसं नव्हे," असं लोक भाषणांत सहज बोलून जातात. कुणाच्या वाढलेल्या धंद्याबद्दल म्हणतात, कुणा पुढाऱ्याबद्दल म्हणतात, आणि समोरचे हसतात. मला ते वाक्य ऐकलं की उठून जावंसं वाटतं. आता वय झालंय, कुणाची भीडभाड उरली नाही, तेव्हा मी खरंच उठून जाते. ज्यांच्या घरात ही चूक झाली नाही त्यांनी खुशाल ही म्हण वापरावी.

आमच्या घरात ती झाली. माझ्या थोरल्या भावाच्या बाबतीत झाली, आणि कुणा वैऱ्यानं केली नाही. माझ्या मायनं केली, तीही मायेपोटी, आणि अख्ख्या गावानं तिला हातभार लावला.

आमचं गाव बदनापूर स्टेशनापासून बैलगाडीनं दीड-दोन तासांवर. निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. वडील मी लहान असतानाच गेले होते. शेती चुलता बघायचा, आणि दादा जालन्याच्या जिनिंगमध्ये यंत्रावर कामाला होता. त्या जिनिंगच्या शेटजीचे कुणी नातेवाईक आफ्रिकेत होते. तिकडंही कापूस पिकत होता, जिन चालत होते, आणि ते दुरुस्त करणारी माणसं इकडून जात होती. दादा गेला. जाताना तो काळासावळा, उंच आणि काडीसारखा होता. घास गिळताना त्याच्या गळ्याची घाटी वरखाली झालेली लांबून दिसायची. काकू, म्हणजे माझी चुलती, म्हणायची, "ह्याला वावटळीच्या दिवसांत बाहेर सोडू नका गं."

तो तिकडं असतानाच माझं लग्न झालं. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते, दिवाळी तोंडावर होती, आणि एका सकाळी चुलत्याच्या गाडीतून दादा दारात उतरला.

मायनं त्याला ओळखलंच नाही. मीही नाही. गोरापान, गोल चेहऱ्याचा, डोळे गालांत बुडालेले, पोट पुढं आलेलं असा कुणी साहेब ओसरीपुढं उभा होता. त्यानं "माय" म्हटलं तेव्हा आवाजावरून ती भानावर आली. भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा, तर तो मुठीत तसाच धरून ती त्याचे गाल चाचपत राहिली.

"काडी व्हता गं माझा लेक, काडी! बघ आता कसा भरला," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. गाव बघायला लोटलं. परदेशचं पाणी मानवलं, अंगावर मांस चढलं, आफ्रिकेत ऊन नसतं वाटतं, नाहीतर इतका गोरा कसा झाला, असं ज्याला जे सुचेल ते तो बोलत होता. आफ्रिकेत ऊन नाही! दादानं ते ऐकलं असतं तर तोही हसला असता. पण हिवतापावरचं कोयनेल खाऊन खाऊन त्याच्या कानांत सतत भोंगा वाजायचा, त्याला निम्मं ऐकू यायचं नाही. तो उत्तर देत नसे म्हणून लोक म्हणाले, मोठा झाला, आता आपल्याशी कशाला बोलंल?

रात्री तो आडवा होत नसे. भिंतीला उशी लावून बसूनच डोळा लावायचा. माय म्हणाली, "तिकडं खुर्चीत झोपायची सवय लागली आसंल." जिना नाही, चढ नाही, नुसत्या ओसरीच्या पायऱ्या चढून आला तरी त्याला धाप लागायची. त्यावर काकूचं उत्तर तयार होतं: "जाड मान्साला लागतीच." आणि माय रोज तिन्हीसांजेला मीठ-मिरच्या घेऊन त्याची दृष्ट काढायची. मिरच्यांचा ठसका आला नाही की म्हणायची, बघा, किती लोकांची नजर हाये माझ्या लेकरावर.

भाऊबीजेला मी त्याला तेल लावलं. आमच्यात भावाला पाटावर बसवून बहिणीनं तेल-उटणं लावायचं आणि मग ऊन पाण्यानं न्हाऊ घालायचं. इतक्या वर्षांची भाऊबीज राहिली होती, तेव्हा मी हात राखून चोळत नव्हते. पोटरीवरून अंगठा दाबत खाली आले आणि थांबले. अंगठा उचलला, तरी त्याची खूण तशीच. कणकेत बोट रुतवावं तसा खड्डा. मी दुसरीकडं दाबलं, तिथंही खड्डा.

मला त्याचा अर्थ कळत होता, कारण गावची सुईण दर आठवड्याला येऊन माझेच पाय असे दाबून बघायची. खड्डा राहिला तर सूज समजायची, मीठ कमी करायचं, असं तिनं मला बजावलं होतं. मी दादाच्या तोंडाकडं बघितलं. त्यानं पाय ओढून घेतला नाही.

"तिकडं कळलं व्हतं," तो हळूच म्हणाला. "हिवताप हटत न्हवता. म्हणून तर आलो. मायला एवढी दिवाळी करू दे, मंग सांगू."

मी दिवाळीसाठी थांबले नाही. त्याला न्हाऊ घातलं, ओवाळलं आणि सरळ चुलीपाशी जाऊन मायला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गप. खात्यापित्या मान्साचं मांस मऊच आसतं. सनासुदीला काय अभद्र बोलून राह्यली?" मी तिच्या दंडावर अंगठा दाबून दाखवला, खड्डा राहिला नाही. ती म्हणाली, "माझी हाडं झालीत, माझ्यात काय रुतंल?"

त्याच आठवड्यात आष्टीकडचं एक स्थळ आलं. मुलीचा बाप ओसरीवर बसला, दादाला खालून वरून बघितलं आणि चुलत्याला म्हणाला, मुलगा भारदस्त आहे, घराला शोभेल. सुपारी संक्रांतीनंतर फोडायची ठरली. दादानं दोन-तीनदा नको म्हटलं, पण नवऱ्या मुलाचं नको कुणी मनावर घेतं का? माय हवेत होती. मला मात्र रडू येत होतं, आणि सगळ्यांना वाटत होतं की पोटुशी बाई आहे, उगाच हळवी झालीय.

शेवटी दादाच विहिरीवरून येताना वाटेत खाली बसला आणि त्याला उठता येईना. तेव्हा माय घाबरली. बदनापूरहून आगगाडीत बसून दोघं जालन्याला एका डॉक्टरकडं गेली. परत आल्यावर दादानं मला सांगितलं, "माझं लघवीचं पाणी नळीत धरून दिव्यावर तापवलं, तर दूध नासल्यावानी झालं बघ." डॉक्टर उर्दू बोलणारा होता. त्यानं मायला समोर बसवून सांगितलं होतं, मूत्रपिंडं थकलीत, अंगात पाणी साठलंय. नमक बिलकुल बंद. चिमूटभरसुद्धा नाही. पथ्य-परहेज केलं तर माणूस राहील.

आता, आमच्या घरात अळणी जेवण एकाच वेळी रांधतात. घरातलं माणूस गेलं की दहा दिवस सुतकात मीठ नसतं, फोडणी नसते. जिवंत माणसाच्या ताटात अळणी वाढणं म्हणजे त्याचं मरण तोंडानं बोलण्यासारखंच. मायनं पहिल्या दिवशी दादाला ताकात शिजवलेल्या अळणी कण्या वाढल्या आणि परसात जाऊन उलटी केली. पण तिनं वाढल्या. तिचं हे मी विसरत नाही. तिनं जवळजवळ दोन महिने वाढल्या.

आणि दादा उतरला! डॉक्टरच्या पुड्यांनी आणि त्या परहेजानं अंगातलं पाणी गेलं. आधी डोळे दिसायला लागले, मग गालफडं, मग गळ्याची हाडं. तो आडवा होऊन झोपायला लागला. मी बाळंत झाले तेव्हा बारशाला त्यानं बाळाला उचलून घेऊन अंगणभर फिरवलं आणि त्याला धाप लागली नाही. माझ्या आयुष्यातले ते फार सुखाचे दिवस होते. हाडं दिसत होती, रंग मातकट झाला होता, पण माझा दादा मला परत मिळाला होता.

गावाला दिसलं ते वेगळंच. "तुझा लेक वाळला गं." "आफ्रिकेनं सांभाळला न् मायच्या हाताखाली खंगला." माझ्या बाळंतपणाची डिंकाचे लाडू, तूप, शेवया एका चुलीवर आणि त्याच्या अळणी कण्या दुसऱ्या. बघणाऱ्या बाया तोंडाला पदर लावायच्या. मायच्या देखत काकू एकदा म्हणाली, "लेकीला तूप न् लेकाला सुतक." मी बाजेवरून तिला जे बोलायचं ते बोलले. बाळंतिणीनं इतकं बोलू नये म्हणून उलट माझ्यावरच सगळे ओरडले.

संक्रांत झाली आणि आष्टीचे पाहुणे सुपारी फोडायला आले. दादा समोर आला. मुलीच्या बापानं त्याच्याकडं बघितलं, मग चुलत्याकडं बघितलं आणि विचारलं, "थोरले कुठायत?" ह्यालाच तर तुम्ही बघून गेलात, असं चुलत्यानं त्याला सांगितलं. त्यानं गुळाचा खडा तोंडात टाकला, पंचांग बघून कळवतो म्हणाला आणि गेला. गावच्या वेशीवर त्यानं कुणाला तरी विचारलंच, पोराला क्षय आहे का? दादा परत आल्यापासून सगळ्यात धड होता तो त्या दिवशी!

त्या संध्याकाळी मायनं दादाच्या ताटात लोणचं वाढलं.

मी ताटावरून लोणचं उचललं. तिनं पुन्हा वाढलं. "तुझ्या लेकराला वाढ तू अळणी," ती म्हणाली. "माझ्या लेकरानं सुतक धरलंय का जित्तेपणी? लोक काय म्हनून राह्यलेत, ऐकू येत न्हाई तुला?" दुसऱ्या दिवशी मी मिठाचं मडकं माळ्यावर लपवलं, तर तिनं काकूकडून वाटीभर आणलं. मी दादाच्या पाया पडले. तू तरी खाऊ नको, म्हटलं. तुला ठाऊक आहे सगळं.

तो जेवून हात धुऊन बसला होता. म्हणाला, "तिकडं ताप आला की मला तिच्या हातच्या ठेच्याची सय यायची. आता ती वाढून राह्यली, बाई. तिचं तोंड बघ की जरा."

मी बघितलं. ती चुलीपाशी बसून आमच्याकडंच बघत होती, आणि महिन्या-दोन महिन्यांनी पहिल्यांदाच तिच्या तोंडावर तजेला होता. मला तिचा इतका राग आला की तो अजून पुरता गेलेला नाही.

शिमग्यापर्यंत दादा पुन्हा भरला. गाल आले, पोट आलं, रंग उजळला. माय रोज संध्याकाळी विचारायची, "आज कसं वाटून राह्यलं, बाबा?" आणि तो भिंतीला टेकून, श्वास सांभाळत म्हणायचा, "आज लई बरं, माय." आष्टीला पुन्हा निरोप धाडायचं चुलत्यानं ठरवलं. मी नवऱ्याला बोलावून घेतलं, त्याच्याकडून दादाची समजूत घातली, जालन्याला न्यायला गाडी जुंपायला लावली. गाडी दारात उभी राहिली तेव्हा दादाला अंगणापर्यंतसुद्धा चालता आलं नाही. त्याला पुन्हा भिंतीशी टेकवला. पाडव्याच्या आधी दोन दिवस, दुपारी, तसाच बसल्या जागी तो गेला.

अंगणात त्याला आंघोळ घालून ठेवला तेव्हा बाया रडत रडत म्हणत होत्या, बघा गं, कसा राजावानी दिसतो, हा काय आजारी मान्साचा चेहरा हाये? काहीतरी लागिर झालं म्हणाव, दुसरं काय? मी मोठ्यानं ओरडले की सूज आहे ती, सूज! कुणीतरी मला धरून आत नेलं.

माय त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. निजामाचं राज्य गेलं, काकू गेली, माझी मुलं मोठी झाली. घरी बाई कुणी आली की माय सांगायची, "माझा लेक भरल्या अंगानं गेला बाई. उपाशी न्हाई, अळणी न्हाई. पोटभर जेवून गेला." आणि मग माझ्याकडं वळून विचारायची, "व्हय का न्हाई गं?" माझी जीभ कशी आहे हे गावाला माहीत होतं. मी कुणाचं ठेवून घेतलं नाही. पण तिला मी दर वेळी म्हणायचे, "व्हय, माय."

शेवटच्या दुखण्यात ती माझ्याकडंच होती. एकदा मी तिला पेज भरवत होते, तर तिनं माझा हात बाजूला सारला आणि विचारलं, "जालन्याच्या त्या डाक्टरचं खरं व्हतं का गं?"

इतक्या वर्षांत तिनं त्या माणसाचं नावसुद्धा काढलं नव्हतं. मला वाटायचं, ती त्याला विसरून गेली असेल.

"न्हाई, माय," मी म्हटलं. "त्याला काय कळत व्हतं?"

तिनं पेजेची वाटी माझ्या हातातून काढून खाली ठेवली.

"तू बी दादासारखीच," ती म्हणाली. "तो बी रोज सांजच्याला आसंच खोटं बोलायचा." आणि तिनं भिंतीकडं तोंड केलं.