मॅनियनांच्या घरचा विस्तव

आमच्या क्लूनबॅन वाडीत बार्टली मॅनियनच्या घरचा विस्तव एकशे दहा वर्षं विझला नाही, असं सांगत. खरंखोटं कुणी तपासलं नाही. त्याची आजी लग्न होऊन आली तेव्हा माहेरच्या चुलीतले निखारे लोखंडी भांड्यात घालून पाच मैल चालत आली. ते तिनं या घराच्या चुलीत ठेवले. तिच्यामागून तिची सून आली, मग बार्टलीची बायको डीलिया आली. विस्तव तोच राहिला.

जळणाची ददात नव्हती. घरामागे दलदल पसरलेली. बार्टली वसंतात तिथली काळी माती विटांसारखी कापून घेई, उन्हाळाभर वाळवी आणि पानगळीच्या आधी घराच्या भिंतीला रचून ठेवी. आम्ही तिला टर्फ म्हणतो. आमच्या कोटांना, पावाला, प्रार्थनेच्या पुस्तकांनासुद्धा तिच्या धुराचा वास असतो. परगावी गेलं की लोक त्या वासावरून आम्हाला ओळखतात, आणि आम्हाला त्याचं वाईट वाटत नाही.

बार्टली चौऱ्याहत्तरचा, उंच, मोजकं बोलणारा. डीलिया ठेंगणी, त्याच्या वाट्याचंही बोलणारी. त्या वर्षी ऑक्टोबरअखेर, हॅलोवीनच्या सुमारास तिची छाती भरली. बावीस दिवस इस्पितळात काढल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की घरात धूर नको आणि ओल नको. लेक तिला गॉलवे शहरात आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी घेऊन गेली. बार्टली गाईंपाशी राहिला.

मी शेजारी. त्याला विचारलं, "मग डीलिया येणार कधी?"

"घर कोरडं झालं की."

"क्लूनबॅनमधलं घर कोरडं? मग प्रलय ओसरल्यावर विचारतो तुला."

तो हसला नाही. कोटाच्या आतल्या खिशातून त्यानं घडी घातलेला कागद काढला. हीट पंप बसवायला सरकार अनुदान देतं, असं त्यात होतं. बाहेरच्या गार हवेतली ऊब ओढून हे यंत्र घरात आणतं. खर्च अठरा हजार युरो, त्यातले साडेसहा सरकारचे.

रविवारी चर्चच्या फाटकापाशी ही गोष्ट सगळ्यांना कळली. "बार्टली, सरकार फुकट देतं ते फक्त फॉर्म," एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, "आपल्या हवेत ऊब असती तर ती आत्तापर्यंत कुणीतरी चोरून नेली असती." बार्टलीनं टोपी घातली आणि तो घरी गेला. उरलेल्या साडेअकरा हजारांसाठी त्यानं चार गोऱ्हे विकले आणि स्वतःच्या कफनाला ठेवलेले पैसे काढले.

अनुदानाला अटी होत्या. भिंतींना आतून थंडी अडवणारा जाड थर लावायचा, फटी बुजवायच्या आणि धुराडं कायमचं बंद करायचं. ज्या सकाळी धुराड्यावर पत्रा बसणार होता, त्या सकाळी बार्टलीनं चुलीतला विस्तव फावड्यावर घेतला आणि बांधाकडे नेऊन ओतला. पाऊस होताच. जरा वेळ वाफ निघत राहिली. ती थांबेपर्यंत तो उभा राहिला, मग गाईंना चारा घालायला गेला.

डिसेंबरात यंत्र लागलं. घराच्या बाजूच्या भिंतीला टेकून उभं, एखाद्या गोऱ्ह्याएवढं, आपल्याशीच गुणगुणणारं. नाताळाच्या आठवडाभर आधी डीलिया परत आली. तिनं सगळ्या खोल्यांमधून फिरून पाहिलं आणि बंद चुलीवर जेरेनियमची कुंडी ठेवली.

पण घर तापेना. संध्याकाळी जरा ऊब येई आणि पहाटेपर्यंत पांघरुणाबाहेरचं नाक बर्फ होई. जानेवारीत विजेचं बिल आलं तेव्हा बार्टलीनं ते दोनदा वाचलं आणि घड्याळामागे खोचलं. डीलिया पुन्हा खोकू लागली. लेकीनं फोनवर सांगितलं, "बाबा, रविवारी मी येतेय. आईला घेऊन जाणार, आणि या वेळी परत पाठवणार नाही. तुम्ही गाई विका नि तुम्हीही या."

बार्टलीनं फोन ठेवला आणि यंत्र बसवणाऱ्या मॅलकी टूहीला बोलावलं. मॅलकी शुक्रवारी सकाळी आला. तासभर झाकणं उघडून बघितल्यावर हात पुसत आत येऊन म्हणाला, "यंत्र ठणठणीत आहे. बार्टली, हे दिवसातून किती वेळा बंद करता हो?"

"लागेल तितक्यांदा. गाईंकडे जाताना, दुकानात जाताना, झोपताना."

"झोपताना?"

"झोपल्यावर पांघरूण असतं माणसाला."

"अहो, हे बंद करायचंच नाही. एकोणीस अंशांवर ठेवायचं नि विसरून जायचं. तुम्ही रात्री बंद करता, भिंती गार पडतात, दुपारनंतर तुम्ही एकदम पंचविसावर नेता. मग यंत्राला झेपत नाही, म्हणून आतला विजेचा हीटर पेटतो. बिल त्याचं आहे."

"म्हणजे रिकाम्या घराला ऊब देत बसू? बटण कशाला दिलंय मग?"

मॅलकीनं तीनदा समजावलं. बार्टलीचा चेहरा शेताच्या फाटकासारखा बंद झाला. आयुष्यभर दिवा मालवून खोलीबाहेर पडलेला माणूस तो. मी तिथंच चहा पीत होतो, आणि खरं सांगायचं तर मलाही त्याचंच पटत होतं.

डीलिया खिडकीपाशी शाल गुंडाळून बसली होती. ती म्हणाली, "मॅलकी, परत सांग रे. जोरात नको, आणि विझूही द्यायचं नाही?"

"बरोब्बर."

ती हसायला लागली, खोकला येईपर्यंत हसली. "अरे बार्टली, तो निखारे झाकायला सांगतोय."

"निखारे कुठायत इथं?"

"एक्कावन्न वर्षं रोज झोपण्याआधी चुलीपाशी गुडघ्यांवर बसून मी काय करत होते, असं वाटलं तुला? निखारे ओढायचे, राखेनं लिंपायचे, क्रूस काढायचा. विझू द्यायचे नाहीत नि पेटूही द्यायचे नाहीत. सकाळी उठलास की भिंत कोमट असायची. तुला वाटायचं, टर्फ काय झकास कापलीय मी."

वाडीतल्या सगळ्या पुरुषांना तसंच वाटत आलं होतं. टर्फ आम्ही आणायचो, पण विस्तव आमच्या हाती कधी नव्हताच.

डीलिया उठली, यंत्राची ऊब कमीजास्त करायच्या भिंतीवरच्या छोट्या डबीपाशी गेली, मॅलकीला विचारून आकडा एकोणीसवर आणला. "आता याला हात लावायचा नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "हे बायकांचं काम आहे."

शुक्रवार गेला, शनिवार गेला. जाड दगडी भिंती, त्यांना घाई नसते. रविवारी दुपारी लेक आली. जेवायला उकडलेले बटाटे नि खारवलेलं मांस होतं. कोट न काढताच ती बसली आणि बटाट्यांवर मीठ शिंपडायला मिठाची बाटली नेहमीसारखी जोरात आपटली. मिठाचा ढीगच पडला. त्या घरात ओलीनं दगड झालेलं मीठ सगळ्यांनी जन्मभर सुरीनं टोचून काढलं होतं. लेक त्या मोकळ्या मिठाकडे बघत राहिली. मग तिनं कोट काढून खुर्चीला अडकवला. संध्याकाळी ती एकटीच गेली.

वर्षभरानं वाडीतल्या दोघाचौघांनी अनुदानाचा विचार चालवला आणि बार्टलीला विचारलं की पैसे वसूल होतात का. त्यानं हिशेब केला होता. कोळसा, टर्फ कापायच्या यंत्राचं भाडं, औषधं धरून वर्षाला आठशे वाचत होते.

"मला अठ्ठ्याऐंशीवं लागेल तेव्हा फिटेल," तो म्हणाला. "अनुदान नसतं तर शहाण्णवावं."

"म्हणजे सरकारनं तुला आठ वर्षं सूट दिली," डीलिया म्हणाली. "कफन तर विकून बसलायस. आता जग मुकाट्यानं."

ती अजून रोज झोपायला जाताना त्या डबीपुढे थांबते, बोटानं हवेत क्रूस काढते. एकदा दोघं माझ्याकडे पत्ते खेळायला निघाले होते. दाराशी पोचल्यावर बार्टली मागे वळला आणि सवयीनं त्याचा हात डबीकडे गेला. डीलिया नुसती खोकली. तो खोकला खरा नव्हता. पण त्यानं हात खाली घेतला.