खिळ्यावरचा कप

परतूरच्या स्टेशनामागं, जिथं कापसाच्या गाड्या सोडायचे, तिथं एक पत्र्याचं शेड होतं. पाटी नाही, रंग नाही. चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात मी आष्टीहून कापूस घेऊन आलो होतो. मापाला उशीर होता. वाऱ्यावर असा काही खमंग वास आला, की मी बैल बांधून त्याच्या मागं निघालो.

आत मातीची भट्टी, दोन बाकडी. कोऱ्या कपाळाची, दंडावर भाजल्याचे डाग असलेली एक बाई लांब दांड्याच्या फळीनं पाव बाहेर काढत होती. आमच्याकडं तेव्हा पाव म्हणजे दुखणाइताचं अन्न. डॉक्टरनं सांगितलं तरच घरात यायचा. ही बाई तो धडधाकट हमालांना मटकीच्या रश्श्याबरोबर खाऊ घालत होती, आणि तेही इतक्या स्वस्तात की हमालाच्या मजुरीत पोट भरून वर विडी उरावी.

"लेकरांसाठी चार टोस बांधून द्या," मी दारातूनच म्हणालो.

"बांधून मिळत न्हाई, भाऊ. बसून खायाचं."

"पैसे देतो की."

"पैशाला कोण न्हाई म्हणून राह्यलं? पुडी नेतेत, घरात दार लावून खातेत, अन् चावडीवर सांगतेत, चांगुणेच्या हातचं आम्ही शिवत न्हाई. तुमच्या लेकरांला घेऊन या. मांडीवर बसवून चारते."

हमाल हसले. बाई बौद्धांची होती. मी रस्त्यावर कुणी ओळखीचं आहे का ते पाहून घेतलं, हे मी लपवत नाही. मग बसलो. तसा पाव मी पुन्हा कुठं खाल्ला नाही.

भट्टीशेजारी खिळ्याला एक कप टांगला होता. जाड, हिरवट, काठाला टवका उडालेला. "हा कशाला टांगला, बाई?" मी विचारलं.

चांगुणाबाईनं फळी रस्त्यापलीकडं रोखली. तिथं सर्जेरावांचं हॉटेल होतं.

तिचा नवरा कचरू स्टेशनावरचाच हमाल. हॉटेलाबाहेरच्या कोनाड्यात त्यांच्या लोकांचे कप वेगळे असायचे. चहा प्यायचा आणि आपला कप आपणच धुऊन ठेवायचा. दीक्षा घेतल्यावर दोन वर्षांनी, भर बाजारात, कचरू आत जाऊन बाकड्यावर बसला आणि आतल्या कपातून चहा प्यायला. सर्जेरावांनी तो कप त्याच्या पायाशी आपटून फोडला. कोनाड्यातला हिरवा कप त्याच्या हातात कोंबला आणि म्हणाले, "तुझा हा. पी, अन् धुऊन ठेव." कचरूनं कप धुतला नाही, ठेवलाही नाही. तो घेऊन तडक घरी आला आणि दुसऱ्या दिवशी बायकोसकट हैदराबादच्या गाडीत बसला. तिथं एका बेकरीत त्यानं बारा वर्षं भट्टी फुंकली, हिनं मैदा मळला. धुरानं त्याची छाती गेली, आणि मागं तो कप राहिला.

"सर्जेरावांनी माझ्यासमोर ह्या कपात चहा प्यावा अन् आपल्या हातानं धुवावा. तेवढ्यासाठीच मी परत आल्ते," ती म्हणाली. आवाज चढला नाही. भट्टीत लाकूड सारावं तसं बोलली.

शहात्तर साली सर्जेरावांना टायफॉईड झाला. ताप उतरला, पण डॉक्टरनं बजावलं, एकवीस दिवस भाकरी बंद. चहा आणि टोस, एवढंच. जालन्याहून आगगाडीनं पाव आणवला, तो शिळा निघाला आणि पोट पुन्हा बिघडलं. मग त्यांची बायको द्वारकाबाई डोक्यावरून पदर ओढून शेडात आली. मी तेव्हा रश्श्यात पाव बुडवत होतो.

"चांगुणा, एक पुडी दे गं. माणूस जाईल माझा."

"माझा गेला, द्वारकाबाई. घेऊन या त्यांला. बसून खातील."

ती तोंड फिरवून गेली. दोन दिवसांनी, मी मापासाठी अजून तिथंच अडकलेलो असताना, तीच पुन्हा आली, मागं बैलगाडी होती. रखमाजी हमाल दारातून म्हणाला, "मावशी, तुझं गिऱ्हाईक वरातीनं येऊन राह्यलंय." सर्जेरावांच्या अंगाची काठी झाली होती. ते मान खाली घालून बाकड्यावर बसले.

चांगुणाबाईनं खिळ्यावरचा कप उतरवला, पुसला, चहा ओतला. चार टोस ताटलीत ठेवले, गरम, कुरकुरीत, जसे सगळ्यांना द्यायची तसेच. सर्जेरावांनी कप ओळखला. त्यांचा हात मध्येच थांबला. बाहेर हमाल गोळा झाले. मग त्यांनी टोस बुडवला आणि खाल्ला.

"धुऊन ठेवा," ती म्हणाली.

ते कप घेऊन रांजणाशी वाकले. द्वारकाबाई पुढं आली, तर चांगुणाबाईनं फळी आडवी धरली. "त्यांनीच."

एकवीस दिवस भरेपर्यंत ते रोज आले. तिनं एकदाही शिळा टोस दिला नाही, आणि एकदाही दुसरा कप दिला नाही. शेवटच्या दिवशी बाजार होता, मीही होतो. अंगात धुगधुगी आलेले सर्जेराव कप धुऊन तसाच हातात धरून उभे राहिले.

"चांगुणाबाई," ते म्हणाले. बाई असं पहिल्यांदाच. "झालं ना मनासारखं? आता हा फोडून टाकतो."

तिनं कप त्यांच्या हातातून काढून घेतला.

"फोडायची सवय तुमची. आम्ही जपून ठेवतो."

आणि कप खिळ्याला टांगून ती पुढचा घाणा भट्टीत लावायला वळली.