दिवाळीत बाजूला बसले तेव्हा

हे आजवर कुणाला बोलले नाही — आमच्या यांनाही नाही. तुम्हालाच का सांगतेय? माहीत नाही. बोलून टाकते.

उज्जैनला घर असलं की कार्तिकात पाहुणे आलेच. क्षिप्रेचं स्नान, महाकालाचं दर्शन आणि जेवायला आमच्याकडे. राज्य बदलून राजधानी भोपाळला गेली त्या वर्षी तर दिवाळीत सासरचे पुण्याकडचे नातेवाईक मुक्कामालाच आले. सासूबाईंचं सोवळं कडक, राबणाऱ्या आम्ही दोघी सुना. मी थकले होते — नुसतं अंग नव्हे. भांडं पडलं तरी रडू यायचं. पण दिवाळीत सुनेने थकायचं असतं का?

धाकटी जाऊ कुसुम इंदूरला माहेरी निघाली होती. तिच्या भावाची कचेरी भोपाळला हलली होती. दिवाळी झाली की तो आईला घेऊन, घर सोडून जाणार. त्या घरातली शेवटची दिवाळी. ट्रंक भरून तयार होती.

त्याच सकाळी मी सासूबाईंना म्हणाले, "मी बाजूला बसलेय."

"बरा मुहूर्त शोधलास!" त्या म्हणाल्या.

खोटं होतं ते. पाळी आलीच नव्हती. चार दिवस कोणी शिवणार नाही, काम सांगणार नाही — एवढंच हवं होतं. कुसुमला थांबावं लागेल, हे कळलं नव्हतं का? कळलं होतं.

तिचा भाऊ टांगा घेऊन दाराशी आला. "कुसुम, चल ना गं, गाडी छूटेल."

"कशी येऊ, दादा? पाहुण्यांना काय उपाशी ठेवू? तू जा. आईला सांग, भोपाळला येते म्हणावं."

मागच्या पडवीत चटईवर बसून मी सगळं ऐकत होते. उठून खरं सांगायचं होतं, बस. टांगा गेला — आणि मला झोप लागली. गाढ. दुपारी कुसुमने न शिवता, वरूनच माझ्या ओंजळीत चकली टाकली. "गरम आहे, सांभाळा जाऊबाई." मी खाल्ली. छान झाली होती.

तिची आई भोपाळला काही रुळली नाही. उन्हाळ्याच्या आतच गेली. कुसुम पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं.

दिवाळी आली की ती अजून तो विषय काढते. रागाने नाही — उलट मलाच समजावते. "मनाला लावून घेऊ नका, जाऊबाई. बाजूला बसणं काय आपल्या हातात असतं?"

मी मान हलवते.