गेटबाहेर न गेलेला रणगाडा

ज्या कारखान्यातून माल बाहेर जातो, तिथे किस्से साचत नाहीत. आमच्या शेडमध्ये सत्तरच्या दशकात एकच जड रणगाडा तयार झाला. प्रयोगासाठी बनवला आणि सैन्यात कधी गेलाच नाही. त्यामुळे किस्से मात्र भरपूर. मी तिथे ड्राफ्ट्समन होतो. आजही सक्करदऱ्याच्या तलावावर आम्ही चार रिटायर्ड म्हातारे बसलो, की तोच विषय निघतो.

*

दिल्लीहून येणारा प्रत्येक साहेब नकाशावर बोट ठेवायचा आणि पत्रा आणखी दोन इंच जाड करून जायचा. मी खोडायचो, पुन्हा काढायचो. वजन वाढत गेलं.

शेवटी कोणाला तरी आठवलं की हा रणगाडा नेताना वाटेत नदी लागते. पुलाला वजन पेलेल का, असं पत्र गेलं. उत्तर आलं, ‘पेलेल, परंतु एकदाच.’

*

खंडेनवमीला शेडमधल्या यंत्रांची पूजा व्हायची. रणगाड्याच्या पट्ट्याखाली लिंबू ठेवायचं, ते चिरडलं की शुभ. पहिल्या वर्षी इंजिन सुरूच झालं नाही. दुसऱ्या वर्षी गाडी घरघरत निघाली आणि लिंबाच्या हातभर अलीकडे बंद पडली. फोटोग्राफर खोळंबला होता. आमच्या शेडच्या साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि लिंबू पायाने पट्ट्यापर्यंत सरकवलं!

आमचे हेड वेल्डर मेश्रामभाऊ. छप्पन साली दीक्षा घेतलेले, पूजेला हात जोडत नसत. पण त्या दिवशी सकाळपासून ते फडकं घेऊन रणगाड्याचे सांधे पुसत बसायचे. सगळे सांधे त्यांनीच जोडलेले.

*

मग तपासणी कमिटी आली. तीन दिवस चहा प्यायली आणि रिपोर्ट देऊन गेली. वजन जास्त, इंजिन तापते, सांधे शंकास्पद. रणगाडा नामंजूर.

वजन आणि इंजिनाचं मेश्रामभाऊंना दुःख नव्हतं. ते ‘शंकास्पद’ मात्र त्यांना झोपू देईना. एक सांधा कापा आणि आत पोकळी आहे का बघा, एवढंच त्यांचं मागणं होतं. साहेब म्हणाले, सरकारी मालमत्ता आहे, कापता येणार नाही.

“मंग शंका काहून घेता, सायेब?” मेश्रामभाऊ म्हणाले. “तिले परमिशन लागत नाही म्हणून?”

*

नामंजूर झालेला रणगाडा भंगारात काढावा, तर फॉर्मवर एक रकाना होता, ‘सेवेत दाखल झाल्याची तारीख’. मी लिहिलं, ‘लागू नाही’. कागद परत आला. शेरा होता, जे सेवेत दाखल नाही ते सेवेतून काढता येत नाही.

तीनदा पाठवला, तीनदा परत. तोवर दर सोमवारी ग्रीस लावा, इंजिन सुरू करा. तोफेच्या नळीत चिमण्यांनी घरटं केलं. मला तर सोमवार उजाडला की रडू यायचं.

*

मेश्रामभाऊंच्या निरोप समारंभात साहेब बोलले, “यांनी जोडलेलं कधी तुटलं नाही.”

मागून कोणीतरी पुटपुटलं, “चाललंच नाही तं तुटन कसं?”

सगळे हसले. मीही हसलो, त्याची अजून लाज वाटते. मेश्रामभाऊंनी नारळ घेतला आणि ते आपल्या गावी, खाप्याला निघून गेले.

*

शेवटी रणगाडा भंगारात काढायची परवानगी आली. कामठीचा ठेकेदार गॅस कटर घेऊन आला, पण दोन दिवसांत त्याच्या माणसांना कुठून सुरुवात करावी तेच कळेना. मी मेश्रामभाऊंना निरोप धाडला. येतील असं वाटलं नव्हतं. सकाळच्या एसटीने आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून.

खडू मागितला आणि एका सांध्यावर आडवी रेघ मारली. ठेकेदार म्हणाला, सांध्याच्या बाजूबाजूने कापलं तर लवकर होईल. मेश्रामभाऊंनी मान हलवली.

“आडवंच काप.”

तुकडा खाली पडला. तो थंड होईस्तोवर ते तिथेच उकिडवे बसून राहिले. मग कापलेल्या बाजूवर स्वतः ग्राइंडर फिरवला, फुंकर मारली, चष्मा लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. चष्मा काढून माझ्या हातात दिला.

“पाह्य गा. एकबी भोक नाही.”

आणि खडू घेऊन पुढच्या सांध्याकडे गेले.