एका स्टुलाचं उट्टं

मोठीनं ध्यान सुरू केलं ते मनःशांतीसाठी नव्हे. धाकट्या जावेचं उट्टं काढायचं होतं, म्हणून. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर तुम्ही उगाच तिच्या पाया पडायला जाल.

दोघी जावा मिळून कपडे धुण्या-इस्त्रीचं दुकान चालवत. काउंटरवरचं उंच स्टूल मोठीचं. गिऱ्हाईक दारात दिसलं की तिचा हात नेमक्या हँगरवर पडायचा. घरात कुणीही तिच्या डोक्यावर बसो, स्टुलावर मात्र तीच बसायची.

मग तो कोटांचा घोळ झाला. फोनवर बहिणीशी गप्पा मारता मारता मोठीनं वकिलाचा काळा कोट हॉटेलातल्या वेटरला दिला आणि वेटरचा वकिलाला. माप एकच, त्यामुळे कुणाला पत्ता नाही. वकीलसाहेब कोर्टात तावातावानं बोलायला उभे राहिले, तर छातीवर हॉटेलचा बिल्ला: ‘आपल्या सेवेत हजर’. न्यायाधीशसुद्धा हसले म्हणे.

दुसऱ्या दिवशी भरल्या दुकानात धाकटी म्हणाली, ‘‘ताई, वय झालं आता तुमचं. मागं बसून बटणं लावा कशा निवांत.’’ आणि टुणकन स्टुलावर चढली. कपड्यांना नंबराच्या पट्ट्या टोचायचं धाकटीचं खूळ तेव्हापासूनचं.

मोठीनं डूख धरला. पण पोटात भीतीही होतीच, खरंच डोकं चाललं की काय? गेली डॉक्टरकडे. त्यांनी चित्रं दाखवली, उलटे आकडे म्हणायला लावले.

‘‘डोकं ठणठणीत आहे,’’ ते म्हणाले. ‘‘तुम्ही विसरत नाही हो, मुळात डोक्यात घेतच नाही. हातात कोट, कानाला फोन, डोळे रस्त्यावर! लक्ष एका जागी ठेवायची सवय करा. श्वासाकडे लक्ष द्यायचा वर्ग आहे आमच्याकडे. जादू नाही, पण काहींना फरक पडतो.’’

‘‘त्यानं धाकटीची जिरेल?’’

‘‘ती हमी नाही देता येत.’’

वर्गातली शिकवणारी मुलगी साखर घोळलेल्या आवाजात सांगायची, ‘‘विचार आला की ओळखायचा, आणि जाऊ द्यायचा.’’ मोठी डोळे मिटायची. विचार यायचा. ओळख पटायला वेळ लागत नसे, तो स्टुलावर बसलेला असे. पण जाऊ द्यायचा? उलट ती त्याला आणखी दोन शब्द सुनावून घ्यायची.

‘‘कपाळाच्या आठ्या सैल सोडा, काकू.’’

‘‘त्या धाकटीच्या आहेत. तिला विचारून सोडते.’’

तरी ती नेटानं जात राहिली. दुकानातही एक टाका, एक श्वास असं चाललं. फोन पिशवीत गेला. हळूहळू कपडे पुन्हा तिच्याशी बोलू लागले. हा शर्ट डावखुऱ्याचा, ह्या साडीला नव्या घराच्या रंगाचा वास. वकिलाचा कोट आला, तेव्हा हात नाचवून नाचवून उजव्या काखेत फाटला होता. तिनं आतून सुबक ठिगळ लावलं आणि कोट पुढं पाठवला.

शनिवारी तिनं पडद्याआडून पाहिलं, तर तेच ठिगळ वेटरच्या नंबराखाली लटकत होतं. त्या घोळापासून वेटर बिल्ला काढूनच कोट टाकायचा, त्यामुळे ओळखायला दुसरी खूण नव्हती. धाकटीनं मान वाकडी करून फोन खांद्यात धरला होता आणि ती पट्ट्या टोचत होती.

मोठीच्या तोंडाशी आलेला शब्द तिनं श्वासाबरोबर आत ओढून घेतला. सांगायचं? छे! श्वास आत. श्वास बाहेर. तोंड बंद. इतकं खोल ध्यान तिचं वर्गातही कधी लागलं नव्हतं.

संध्याकाळी दुकान गच्च भरलं. वकीलसाहेब आले. धाकटीनं नंबर पाहून ऐटीत कोट दिला. ते दाराशी पोचेपर्यंत मोठी थांबली.

‘‘वकीलसाहेब, जरा कोट घाला.’’

त्यांनी घातला.

‘‘आता हात वर.’’

‘‘दोन्ही?’’

‘‘दोन्ही!’’

भरल्या दुकानात वकीलसाहेब धाड पडल्यासारखे हात वर करून उभे. मोठी सावकाश पुढं आली, तिनं काखेत बोट घालून चाचपलं. ‘‘ठिगळ कुठंय? हा तुमचा कोट नव्हे. तुमचा तो तिकडं, वेटरच्या नंबराखाली.’’

दुकान खो-खो हसलं. वकीलसाहेबांनी अंगातला कोट उतरवला, स्वतःच्या कोटातलं ठिगळ चाचपून पाहिलं, आणि तो गुपचूप घडी करून काखोटीला मारला. धाकटीचा चेहरा वाफेच्या इस्त्रीखालून निघाल्यासारखा झाला.

‘‘धाकटे,’’ मोठी लोण्यासारख्या आवाजात म्हणाली, ‘‘वय झालं गं आता तुझं. मागं बसून बटणं लाव कशी निवांत.’’

स्टूल रिकामं झालं. मोठी बसली. ते अजून गरम होतं, आणि ती ऊब तिनं पूर्ण लक्ष देऊन अनुभवली.

आठवड्यानं धाकटी पडद्यातून डोकावली. ‘‘ताई, मलापण न्या ना त्या वर्गाला. लक्ष लागत नाही हो माझं.’’

‘‘अगं, नेलं असतं. पण एक खुर्ची शिल्लक नाही बघ तिथं!’’

त्या संध्याकाळी शिकवणाऱ्या मुलीनं विचारलं, ‘‘काकू, शेजारची खुर्ची कुणासाठी धरलीय का?’’

‘‘पिशवीसाठी,’’ मोठी म्हणाली, आणि तिनं शांतपणे डोळे मिटले.