मागच्या परसातला वर्ग

आमच्या हिच्या डोक्यात एकदा काही शिरलं की माझी कंबर मोडलीच म्हणून समजा. या वेळी तिची मोडली.

ही घरी पाळणाघर चालवते. मी बस डेपोतला निवृत्त मेकॅनिक, म्हणजे तिचा बिनपगारी मदतनीस. मागे एकदा एक पोर गांडूळ बघून इतकं किंचाळलं की शेजारीण धावत आली. त्याच दिवशी हिने ठरवलं, पोरांना दिवसभर चार भिंतींत कोंडायचं नाही. परसातली अडगळ अर्थातच मी काढली. बसायला ओंडके, चिखल कालवायला जुनी घमेली, किडे बघायला एक भिंग आणि प्रत्येकाच्या वाट्याला घेवड्याचं एक रोप. झाला वर्ग तयार.

पोरं आज रोप लावायची आणि उद्या उपटून बघायची, मुळं केवढी झाली ते. रागावणं हिच्या स्वभावातच नाही. तिने न्हाणीघरामागे रोपांची आणखी एक रांग लावली, गुपचूप. पोरं घरी गेली की मेलेलं रोप काढायचं आणि त्या जागी जिवंत लावायचं. सकाळी रोप ठणठणीत, पोरं खूश.

मी म्हणायचो, "अगं, कळू दे की त्यांना. उपटलं की मरतं."

"कळेल हो. घाई कसली आहे?"

दिवसभर पोरांचं शी-शू, जेवणं, रडारड आणि वर हे वाकणं. अंथरुणात कूस बदलताना तिचं तोंड बघवत नसे.

डॉक्टरांनी वाकायला बंदी केली. तिने ती ऐकून घेतली, एवढंच. शेवटी मी हटून बसलो तेव्हा कबूल झाली, पुन्हा कंबर धरली तर पाळणाघर बंद. मी लगेच मुलीला फोन लावून साक्षीदार केलं. हिचा काय भरवसा?

गेल्या आठवड्यात कंबर धरली. संध्याकाळी रोपं बदलायला म्हणून गेली ती परसातच बसली, उठता येईना. कसंबसं आत आणून निजवलं. त्या गडबडीत रोपांकडे कोण बघतो? सकाळी पालकांना निरोप देईपर्यंत पोरं दारात हजर. म्हटलं, आजचा दिवस मी ढकलतो, संध्याकाळी सगळ्यांना सांगून टाकू, दुसरी सोय बघा म्हणून. ती भिंतीकडे बघत "बरं" म्हणाली. त्या 'बरं'मध्ये काही जीव नव्हता. पण खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं.

थोड्या वेळाने परसातला गलका एकदम थांबला. पोरं गप्प म्हणजे काहीतरी भानगड. जाऊन बघतो तर सगळी माना टाकलेल्या रोपांपुढे उभी. त्यात एक साडेचार वर्षांची पोर आहे, सारख्या चौकशा करते म्हणून मी तिला इन्स्पेक्टर म्हणतो. तिने विचारलं, "आजोबा, हे उठत का नाहीये?"

खिडकीतून हिचा आवाज आला, "आत आणा सगळ्यांना."

पोरं मातीच्या हातांनी पलंगाभोवती उभी राहिली. हिने सरळ सांगून टाकलं, "झाड उपटलं की मरतं, बाळांनो. मी रोज नवीन लावत होते. काल नाही जमलं."

कुणी रडलं नाही. इन्स्पेक्टर मात्र हिच्याकडे टक लावून बघत होती. दिवसाउजेडी आडवी झालेली आजी तिने कधी पाहिलीच नव्हती.

"आजी," तिने हळूच विचारलं, "तुला कुणी उपटलं?"

मी तोंड फिरवलं. ही हसेल असं वाटलं होतं, पण हसली नाही. तिने पोरीचा मातकट हात आपल्या हातात घेतला.

"कुणी नाही गं. आहे मी."

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, संध्याकाळी कुणाला काही सांगू नका."

मला तिचा भयंकर राग आला आणि रडूही आलं. भांडायला अंगात त्राण उरलं नव्हतं, तिच्याही आणि माझ्याही.

संध्याकाळी इन्स्पेक्टरची आई फाटकाशी आली. "आजी दिसत नाहीत कुठे?"

"पडलीय जरा," मी म्हटलं. "उद्या घेऊन या पोरीला."