सातच्या पुढचा गुणाकार

चुरमुऱ्यांच्या सुशीलाची फोडणी तडतडली, की मला उदगीरच्या आमच्या घरातला बघायचा कार्यक्रम आठवतो. सुशीलाच्या बशा फिरल्या आणि मुलाचे मामा मला म्हणाले, "गणित शिकवता म्हणं, एखादं घाला की आम्हाला." आईनं डोळे वटारले, तरी मी म्हणालेच, "१४२८५७ ला दोननं गुणा." मामांनी मोबाइल काढला. आले २८५७१४. तीननं गुणलं, ४२८५७१. "अरे, तेच आकडे हायत, नुसते गोल फिरून राहिले!" सहापर्यंत तसंच झालं. "मग सातनं बी तेच येतंय," मामांनी गुणायच्या आधीच जाहीर केलं, आणि आले सगळे नऊ. सगळे हसले, मामा तर खोकला येईपर्यंत. मुलगा तेवढा हसला नाही. खाली मान घालून वर्तमानपत्राच्या कडेला काहीतरी लिहीत होता. आईला वाटलं, गेलं हे स्थळ. तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "आठनं गुणलं तर ११४२८५६. पुढचा एक काढून उरलेल्यात मिळवा, आकडा परत घरी." सातच्या पुढं मी कधी गेलेच नव्हते. आईला तिथूनच मानेनं हो सांगितलं. आजची फोडणी त्याचीच आहे; मीठ तेवढं विसरलाय.